जवारी लावताना लागणारी तंद्री म्हणजेच पहिलं झान (ध्यान) का?

खर्ज_मिरज

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथलं नुसतं वाचतोय, लिहितोय आज पहिल्यांदा.

मी मिरजेचा, तंबोऱ्याच्या कामातला कारागीर. वय पन्नाशीच्या पुढं. भोपळा कापणं, दांडी, नक्षी ही कामं दुसरे करतात. माझ्याकडं येतं ते शेवटचं काम, जवारी. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा लांबून सपाट वाटतो, पण तो सपाट नसतो. त्याला अगदी बारीक उतार असतो आणि तार त्या उतारावर टेकत टेकत सुटते, म्हणून ती झणकार येते. तार उतरवायची, बाजूला घ्यायची, कानस दोनदा फिरवायची, तार परत चढवायची, छेडायची आणि ऐकायचं. आवाज मध्येच कुठंतरी अडकतो. परत तार खाली. असं चारही तारांचं. मग तारेखालचं सूत सरकवून आवाज उघडायचा. खर्ज (सगळ्यात खालच्या सुराची तार) नीट बसला की त्याच्या पोटातून गंधाराचा सूर आपला आपण बोलायला लागतो. तो बोलला की मी हात काढून घेतो.

हे करताना मी कुठं असतो ते मला सांगता येत नाही. हाडाचा पांढरा भुगा मांडीवर पसरलेला असतो तो दिसत नाही, गुडघा आखडलाय हे उठताना कळतं. डोक्यात बँकेचा हप्ता नाही, धाकट्याचं ॲडमिशन नाही, काही नाही. आणि आनंद म्हणावा तर तोही आहे, पण उड्या मारणारा नाही.

दिवाळीनंतर आळत्याच्या विपश्यना केंद्रात दहा दिवसांचं शिबिर केलं. आनापानाच्या (श्वास पाहण्याच्या) शेवटच्या संध्याकाळी, नाकाखालच्या एवढ्याशा जागेवर लक्ष ठेवून बसलो होतो. श्वास बारीक बारीक होत गेला आणि अचानक छातीपासून वरपर्यंत काहीतरी भरून आलं. अंगाला वजन राहिलं नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण रडू नव्हतं. घंटा झाली ती पलीकडच्या शेतात झाल्यासारखी ऐकू आली. सहाय्यक आचार्यांना विचारलं तर ते म्हणाले, आलं तर येऊ दे, गेलं तर जाऊ दे, काम करत राहा. बरोबरच आहे त्यांचं. शिबिर संपल्यावर एक जुने साधक मात्र म्हणाले, ‘ही पीती, म्हणजे ध्यानातला आनंद आहे, पहिल्या झानाच्या दारात होतात तुम्ही. आणि तुमची ती कामातली तंद्री म्हणजे निव्वळ आसक्ती, ती सुटायला हवी.’

मला पटलं नाही, पण खोडताही येईना. दोन्हीकडं मन एका जागी बसतं, दोन्हीकडं सुख आहे, दोन्हीकडं वेळ कळत नाही. मग एक साधना आणि दुसरी आसक्ती कशी? जाणकारांनी सांगावं.

एक विनंती. वीणेच्या तारा फार ताणू नयेत, फार सैल सोडू नयेत ही बुद्धांनी सोण भिक्खूला सांगितलेली गोष्ट कृपया सांगू नका. ओळखीतल्या प्रत्येकानं सांगून झालीय, आणि तो माझा पोटापाण्याचा धंदा आहे.

माउलीभक्त

याला आमच्याकडे टाळी लागली म्हणतात. पहिलं, दुसरं, तिसरं असे नंबर कशाला हवेत? कीर्तनात उभे राहा, मृदंग सुरू झाला की सगळे प्रश्न संपतात.

खर्ज_मिरज

माउली, कीर्तनातही ऐकत बसतो मी, पण माझा कान टाळकऱ्यांच्या सुराकडंच जातो. नंबर नकोतच. पुढं काय करायचं तेवढं कळलं तर बरं.

सूत्रपाठी

तुमच्या जुन्या साधकांनी एकदम आसक्तीवर उडी घेतली हे जरा घाईचं झालं. महासच्चक सुत्तात (पाली ग्रंथांतल्या एका प्रवचनात) बुद्ध स्वतःची आठवण सांगतात. लहान असताना वडिलांचं (ते शाक्य कुळातले) काही काम चालू होतं आणि हे जांभळीच्या थंड सावलीत बसले होते. कोणी गुरू नाही, शिबिर नाही, आणि पहिलं ध्यान लागलं. पुढे कित्येक वर्षांनी, उपाशी राहून राहून शरीराचा सांगाडा झाल्यावर ती सावली आठवते आणि प्रश्न पडतो की कामभोगांशी, अकुशलाशी ज्याचा संबंध नाही त्या सुखाला मी घाबरतोय कशाला? बोधीचा मार्ग तिथून सापडला असं ते सांगतात. म्हणजे सुख आहे एवढ्यावरून एखादी गोष्ट आसक्तीच्या खात्यात टाकता येत नाही.

पण त्याच वाक्यात उत्तराची दुसरी बाजूही आहे. पहिल्या ध्यानाच्या व्याख्येची सुरुवातच ‘कामांपासून वेगळा होऊन, अकुशल धर्मांपासून वेगळा होऊन’ अशी आहे. वितर्क (मन विषयावर टेकवणं), विचार (ते तिथे फिरत ठेवणं), प्रीती (तुमच्या साधकांची पीती), सुख हे सगळं त्यानंतर येतं. मन एकाग्र आहे का यापेक्षा मन कशापासून सुटलं आहे, हे आधी विचारलेलं आहे. टपून बसलेल्या मांजरीचं मनही एकाग्रच असतं.

जाता जाता, पतंजलीच्या पहिल्या पादातही संप्रज्ञात समाधीसाठी वितर्क, विचार, आनंद, अस्मिता अशी उतरंड आहे. दोन्ही परंपरा एकमेकींच्या शेजारी वाढल्या, त्यामुळे भांडीकुंडी सारखी दिसणारच. त्यावर वेगळा धागा काढू, इथे नको.

डोंबिवलीकर_काका

मिरजकर, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण बहुतेक लोक ‘मला चौथं झान लागलं’ इथून सुरुवात करतात.

मी दूरसंचार खात्यातून निवृत्त झाल्यावर म्यानमारमध्ये मौलम्यैनजवळच्या पा-औक विहारात बराच काळ राहून आलो. तिथली पद्धत विशुद्धिमग्गाबरहुकूम, म्हणजे पाचव्या शतकात बुद्धघोषांनी श्रीलंकेत अनुराधपूरच्या महाविहारात बसून लिहिलं त्याप्रमाणे. श्वास पाहत राहायचा. काहींना प्रकाशासारखं निमित्त दिसायला लागतं, आधी धुरकट, मग कापसासारखं, मग स्वच्छ. ते आलं की त्याच्याशी खेळायचं नाही, मुलाखतीत गुरूंना सांगायचं आणि परत श्वासावर. निमित्त आणि श्वास एक होऊन तासन्‌तास टिकलं तर पुढचं बोलणं. त्यानंतरही पाच वशिता असतात: हवं तेव्हा लक्ष तिकडे वळवणं, हवं तेव्हा आत शिरणं, ठरवलेला वेळ राहणं, ठरवल्या वेळी उठणं आणि उठल्यावर कोणती अंगं होती ते तपासणं. या मापाने तुमचं शिबिरातलंही पहिलं झान नव्हतं आणि कानस हातात असतानाचंही नव्हतं. स्पष्ट सांगतो, राग नसावा. तिथे माझ्यासोबत बसणाऱ्या बहुतेकांचंही नव्हतं. कसिणाची (माती, पाणी, रंग अशा विषयावरच्या ध्यानाची) नुसती पूर्वतयारी शेकडा-हजारांत एखाद्यालाच जमते असं बुद्धघोष स्वतःच लिहून ठेवतात.

जे आलं ते मात्र खरं होतं. विशुद्धिमग्गात प्रीतीचे पाच प्रकार आहेत. अंगावर काटा आणणारी, विजेसारखी चमकून जाणारी, लाटांसारखी येणारी, अंग उचलणारी आणि सगळीकडे भरून राहणारी. तुमचं ‘वजन राहिलं नाही’ ते चौथ्या प्रकाराच्या आसपासचं. त्या प्रकाराखाली एक गोष्ट दिली आहे. एका गावातली गरोदर मुलगी. आईवडील रात्री जवळच्या विहारात धम्म ऐकायला निघाले आणि तुला या अवस्थेत येता यायचं नाही म्हणून तिला घरी ठेवून गेले. ती अंगणात उभी राहून चांदण्यातल्या चैत्याकडे पाहत राहिली, दिवे दिसले, आवाज ऐकू आला, आणि प्रीतीने तिचं अंग इतकं उचललं की आईवडिलांच्या आधी ती तिथे पोचली, हवेतून! विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. मला त्यातलं अंगण आवडतं.

आता आवाजाचा मुद्दा, कारण तुमच्या बाबतीत खरी गंमत तिथे आहे. अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या संग्रहात एक सुत्त आहे, पहिल्या ध्यानाला आवाज हा काटा आहे असं सांगणारं. यावरून दोन तट पडलेत. एक म्हणतो, काटा आहे म्हणजे ऐकू येतो, म्हणून तर टोचतो. दुसरा म्हणतो, ऐकू आला म्हणजे तुम्ही बाहेर आलात. हे भांडण आजचं नाही, कथावत्थू या जुन्या वादग्रंथातही आहे, आणि थेरवाद्यांनी (विशुद्धिमग्गाच्या परंपरेने) तिथे दुसरी बाजू घेतली आहे. महापरिनिब्बाण सुत्तात तर बुद्धांचा आधीचा गुरू आळार कालाम याच्या शेजारून पाचशे गाड्या गेल्या आणि अंगावर धूळ उडाली तरी त्याला पत्ता नाही. त्यावर बुद्ध आपला अनुभव सांगतात. आतुमा गावी खळ्यावरच्या कोठारात होतो, पाऊस कोसळत होता, वीज पडून दोघे शेतकरी भाऊ आणि चार बैल मेले, आणि मी जागा असूनही मला काही ऐकू आलं नाही.

तुम्ही मात्र आवाजातच बुडता. विशुद्धिमग्गात चाळीस कर्मस्थानं, म्हणजे ध्यानाचे विषय आहेत. माती, पाणी, रंग आहेत, प्रेताच्या दहा अवस्था आहेत, मैत्री आहे, जेवणाबद्दलची किळससुद्धा आहे. आवाज नाही. माझं मत विचाराल तर कारण साधं आहे. आवाज दर क्षणी बदलतो आणि मनाला बाहेर ओढत राहतो.

गंमत पुढे आहे. ज्या आवाजाला कर्मस्थानांत जागा नाही, तोच समजावून सांगायला मात्र वापरलाय. वितर्क म्हणजे घंटेवर टोल पडणं आणि विचार म्हणजे त्यानंतर तिचं घुमत राहणं. श्वासाबद्दलही तसंच. बाकीची कर्मस्थानं जसजशी वर जातात तसतशी स्पष्ट होतात, श्वास उलट बारीक होत दिसेनासा होतो. तिथे लोक घाबरतात किंवा मुद्दाम मोठा श्वास घेतात. तेव्हा काय करायचं ते काशाच्या घंटेवरून सांगितलंय: मोठा आवाज विरला तरी मन लहान आवाजावर जातं, तो विरला तरी त्या लहान आवाजाची जी खूण मागे राहते तिच्यावर जातं.

तारेचा मागे घुमत राहणारा आवाज, तुम्ही कारागीर ज्याला आस म्हणता ना, तीच ही. आस संपेपर्यंत ऐकत राहायचं हे आम्हा लोकांना शिकायला वर्षं लागतात. तुमचा कान ते पोटासाठी रोज करतो. त्यामुळे त्या जुन्या साधकांचं ‘सुटायला हवी’ हे मला अजिबात पटत नाही. फरक मला एवढाच दिसतो की जवारी लावताना तुम्ही आस ऐकता ती निकाल द्यायला. अडकतेय की मोकळी आहे? ठरलं की कानस. श्वासाच्या बाबतीत ती कानस खाली ठेवावी लागते. लांब असो, आखूड असो, खरखरीत असो, तो दुरुस्त करायचा नाही.

सोणाची गोष्ट नको म्हणालात म्हणून दुसरी सांगतो. संयुत्त निकायात एक राजा आहे, त्याने वीणा कधी ऐकलेलीच नाही. आवाज ऐकून वेडा होतो आणि म्हणतो, तो आवाज घेऊन या. लोक वीणा आणून देतात. ही नको, आवाज आणा! ते सांगतात की महाराज, भोपळा, चामडं, दांडी, तारा, कोण (तार छेडायची नखी) आणि वाजवणाऱ्याची मेहनत, एवढं सगळं मिळून ही बोलते. तो तिचे दहा तुकडे करतो, मग शंभर, मग ढलप्या, जाळतो, राख वाऱ्यावर उडवतो. आवाज काही सापडत नाही. तुमच्याकडे असं गिऱ्हाईक न येवो.

इंदोरा_नागपूर

काकांनी छान लिहिलं, पण मला एक वेगळंच बोलायचं आहे. मी नागपूरची, सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे. आजीने १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर दीक्षा घेतलेली, तेव्हा आमच्या घरी धम्म म्हणजे आधी माणसाशी वागणं, डोळे मिटणं नंतर.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये समाधीबद्दल अगदी सरळ लिहून ठेवलंय. १९५७ साली ग्रंथ आला. त्यांचं म्हणणं असं की ध्यानाच्या अवस्थांमध्ये पाच नीवरणं (मनाला अडवणारे दोष) दबून राहतात, पण त्या अवस्था तात्पुरत्या, म्हणून दबून राहणंही तात्पुरतं. मनाला कायमचं वळण लागलं पाहिजे, आणि ते सम्यक् समाधीने लागतं, जिच्यात एकाग्र मन कुशल कर्माचा विचार करतं. आमच्या विहारात यावरून दरवर्षी वाद होतो. काही जण म्हणतात यामुळे ध्यानाची किंमत कमी होते. मला तसं वाटत नाही. ध्यान लागलं तेव्हा काय झालं यावर पानं भरतात लोक, आणि उठल्यावर काय झालं यावर एक ओळ नसते, हे बाबासाहेबांनी बरोबर पकडलं.

भाऊ, तुम्ही ज्या तंद्रीचं लिहिलं ती मलाही माहीत आहे. रक्ताच्या स्लाइडवर शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या असतात. न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, एकेक बटण दाबत जायचं. मन इतकं शांत होतं की काय सांगू. पण फोन वाजला की उचलावाच लागतो, आयसीयूचा असू शकतो. तेव्हा चिडचिड झाली तर मी समजते की ही शांती नव्हती, मला फक्त कोणी त्रास देऊ नये एवढंच हवं होतं. तुम्ही गंधाराच्या तोंडाशी आलात आणि दुकानात कोणी आलं तर काय होते, ते पाहा ना. काहून की नीवरण गेलं होतं का लपलं होतं, ते तिथेच दिसते.

आणि ध्यान हे भिक्खूंचंच काम असं कोणी म्हणत असेल तर सुत्तांतली वेळुकंटक गावची नंदमाता आठवा. गृहिणी बाई. पहाटे उठून पारायण (सुत्तनिपातातला भाग) म्हणते. सारिपुत्तांना स्वतःबद्दलच्या गोष्टी एकेक करून सांगते आणि त्यात चारही ध्यानं हवी तेव्हा लागतात हे सांगते. पण ते पुष्कळ नंतर. आधी काय सांगते तर एकुलता एक मुलगा राजाच्या माणसांनी धरून मारला, तेव्हाही माझं मन बदललं नाही. तिचा तो क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. मच्छिकासंडचा चित्त गृहपतीही घरदार असलेलाच. वितर्क-विचाराशिवायची समाधी असते यावर तुझी श्रद्धा आहे का असं निगंठ नातपुत्तांनी (म्हणजे महावीरांनी) विचारलं तर म्हणाला, श्रद्धेवर कशाला जाऊ, मी स्वतः तिथे राहतो.

सूत्रपाठी

ताई, नंदमातेच्या क्रमाचं लक्षात आलं नव्हतं. बाबासाहेबांच्या त्या परिच्छेदावर मात्र वाद घालता येईल. सुत्तांमध्ये सम्यक् समाधीची व्याख्याच चार ध्यानं अशी आहे.

इंदोरा_नागपूर

घाला की. आमच्या विहारात या, रविवारी सकाळी. चहा मिळेल.

खर्ज_मिरज

सगळ्यांचे आभार. काकांचं निकालाचं जे बोलणं आहे ते थेट लागलं. शिबिरातही मी श्वासाची जवारीच लावत होतो बहुतेक, आणि त्या संध्याकाळी दमून सोडून दिलं होतं.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं सांगतो. गंधाराच्या तोंडाशी कोणी आलं तर चिडतो. मालकावर नाही चिडता येत, पोराटोरांवर चिडतो. पण काम पुरं होऊन उठल्यावरचा जो अर्धा तास असतो, त्यात कोणी काहीही म्हणा, चालतं. बायकोला हे ठाऊक आहे, ती पैशाचा विषय तेव्हाच काढते.

आता अडचण अशी आहे. सकाळी घरी बसतो तेव्हा कान गप बसत नाही. शेजारच्यांची पाण्याची मोटर सुरू झाली की मला लगेच कळतं, पेटीच्या काळी दोनच्या जराशी खाली आहे. मग डोकं तिला चढवायला बघतं. मिक्सर त्याहून वाईट, तो एका सुरात राहतच नाही. काका, हा काटा कसा काढायचा?

डोंबिवलीकर_काका

हसून हसून पुरेवाट झाली. काढू नका. ‘काळी दोन’ म्हणेपर्यंत गेलात हे कळलं की तिथेच थांबा, ‘जराशी खाली’पर्यंत जाऊ नका. ऐकणं झालं, मापणं नको, एवढाच मध्ये बांध घाला. आणि बसायची वेळ बदला. तुम्हीच म्हणालात, काम झाल्यावरचा अर्धा तास कोणी काही म्हटलं तरी चालतं. मग सकाळी मोटरशी कशाला झुंजता? दुकान झाडून झालं की तिथेच भिंतीला टेकून बसा, आयती मोकळी जमीन आहे. सुरुवातीला श्वास मोजायचा असेल तर पाचाच्या आत थांबू नका, दहाच्या पुढे जाऊ नका. हेही बुद्धघोषांचंच. वहिनींना मात्र पैशाच्या विषयासाठी दुसरी वेळ द्यावी लागेल.

एक वैयक्तिक काम. भाचीचा तंबोरा आहे, मिरजेचाच. जवारी झिजून बसलीय, आवाज पत्र्यावर खडे टाकल्यासारखा येतो. कुरियरने पाठवला तर चालेल का?

खर्ज_मिरज

कुरियरनं नको, भोपळा फुटतो. पावसाळा संपला की मुंबईकडं फेरी असते माझी, तेव्हा येऊन बसतो. तोवर सूत बदलून बघा. नायलॉन लावलं असेल तर काढा, साधा सुती दोरा घ्या. खर्जापासून सुरू करा. तार छेडत छेडत दोरा अगदी हळू सरकवा, एका जागी आवाज उघडेल. उघडला की हात काढायचा, आणखी सरकवायचा नाही. भाचीला सांगा, घोडीवर कानस किंवा पॉलिश पेपर कोणालाही लावू देऊ नको.